पंधरा घरांची अट

कातळवाडीला जायचं म्हणजे मुळशीच्या धरणाचं पाणी होडीने ओलांडायचं आणि मग दीड तास चढायचं. वाडीत घरं एकोणीस. सगळी कारवीच्या कुडाची, आतून-बाहेरून माती आणि शेणाने लिंपलेली. या एकोणीस घरांत सरकारी काम असलेला माणूस एकच होता, आणि तेही वर्षातून दोनदा, महिना-सव्वा महिन्यापुरतं. त्याचं नाव कान्हू. वाडी त्याला पंपवाला म्हणायची.

हिवतापाच्या योजनेत तो फवारणीला जाई. बादलीत पांढरी पावडर कालवायची, एकाने पंप हाणायचा, दुसऱ्याने लांब नळी धरून घराच्या आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत ओल्या करायच्या. भिंत वाळली की पांढरे ओघळ उरत. माणसाला चावून जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि त्या ओघळांवर मरतो. भिंतीवरची पावडर तीन-चार महिने उघडी राहिली तर काम, नाहीतर नुसती वेठ.

चोपन्न साली फवारणीची टोळी पहिल्यांदा वर आली तेव्हा एकोणिसांतली चारच घरं उघडली. फवारणीनंतर चंद्राबाईचं मांजर मेलं. ढेकूण मात्र मेले नाहीत, उलट चेकाळले. पलीकडच्या घरातली तुळजाबाई मुकादमाला तोंडावर म्हणाली, "तुमची पावडर ढेकणांचं खत हाय का काय?" मुकादम बहिरू पौडाकडचा, तोंडाने फटकळ पण कामाला चोख. त्याने दुसऱ्या वर्षी कान्हूला गाठलं आणि सांगितलं, "तुझी वाडी तू उघडून दे. काम तुझं."

कान्हूने वाडी उघडून दिली. ती कशी, हे त्याने बहिरूला सांगितलं नाही. तो दारोदार गेला आणि बायांना म्हणाला, आज फवारू द्या. टोळी घाट उतरून गेली की खुशाल सारवा. तरी कुणी का-कू केलं तर त्याने मनाचं एक जोडून दिलं, "औषध भिंतीत मुरतं. वरनं सारवलं तरी आतनं काम करतं." हे तो अगदीच खोटं बोलत नव्हता. शेतात पालापाचोळ्याचा राब भाजला की राख चिखलात गाडली जाते, तरी भाताच्या रोपाला लागू पडतेच. पावडरही तशीच असणार, असं त्याला वाटलं होतं.

पंचावन्न सालच्या दोन्ही पाळ्या आणि छप्पन्नच्या जूनची एक, तिन्ही वेळा वहीत कातळवाडीपुढे आकडा पडला, एकोणिसांपैकी एकोणीस. बहिरूच्या साऱ्या हद्दीत एकही कुलूप नसलेली वाडी ती एकटी. तो इतर गावांत कान्हूचं नाव घेऊन शिव्या द्यायचा, "त्या डोंगरातल्या कान्ह्याला जमतंय, तुम्हांला सडकेवर बसून जमत न्हाई व्हय?"

त्या वर्षी भाद्रपदात योजनेचे डॉक्टर स्वतः वर आले. त्यांचं काम पोरांची पोटं तपासण्याचं होतं. ज्या गावात हिवताप मुरलेला असतो तिथल्या पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. डाव्या बरगडीखाली बोटं घातली की हाताला लागते. दहा पोरांत किती जणांची लागते, यावरून गावाचा ताप कळतो. कान्हूच्या अंगणात घोंगडं टाकून डॉक्टरांनी एकतीस पोरं एकापाठोपाठ निजवली. बावीस जणांची पानथरी लागली.

त्यांनी पिशवीतून जुना कागद काढला. फवारणी सुरू होण्याआधी, तीन वर्षांपूर्वी, हीच तपासणी झाली होती. तेव्हा एकतिसांत तेवीस.

"बहिरू, खालच्या गावांत काय आलं होतं?"

"खाली लई उतार हाय साहेब. दहांत सहाचं एकावर आलंय."

"आणि इथे तीनदा फवारलं. सगळी घरं."

"एक सोडलं न्हाई."

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी धरले. माणूस रागीट नव्हता, निष्काळजीही नव्हता. पावडर मोजून येते, माणसं मोजून मिळतात, आणि ती कुठे लावली तर जास्त पोरं वाचतील हे ठरवायला त्यांना पगार मिळतो, एवढं ते मानत. ते सावकाश, बहिरूला समजेल असं बोलले. इथे पाच माणसांचे दोन दिवस जातात आणि एकोणीस घरं होतात. तेवढ्याच दोन दिवसांत सडकेजवळच्या नांदिवलीत शहाऐंशी घरं होतील; तिथे अजून एकदाही पंप पोहोचलेला नाही. इथला ताप जास्त म्हणून आपण इथला त्रास सोसला. पण घरं शंभर टक्के फवारूनही पानथरी उतरत नसेल, तर इथला डास घरात बसतच नाही, रानातच चावून जातो. मग पावडर भिंतीला लावून उपयोग काय?

"पुढची पाळी कातळवाडी वगळा," ते म्हणाले. "नांदिवली घ्या."

हे बोलत असताना त्यांची बोटं शेवटच्या पोरीच्या पोटावर होती. ती कान्हूची सोनी, सात वर्षांची. त्यांनी बोटं आडवी लावून मोजली. चार.

"हिला झाडावर चढू देऊ नका. पोटावर पडली तर पानथरी फुटते." मग गोळ्यांची पुडी दिली. "ताप आला की द्यायच्या. पण चावणारा डास राहिला तर गोळ्या किती दिवस पुरणार?"

कान्हूची बायको सगुणा पुडी घेऊन आत गेली. कान्हू तिथेच उभा राहिला. सोनी घोंगड्यावरून उठून बसली तेव्हा तिचे हात काडीसारखे आणि पोट घागरीसारखं, हे त्याने जणू आत्ताच पाहिलं. खरी गोष्ट त्याच्या ओठांवर होती. बहिरू समोर होता. त्याने डॉक्टरांची पिशवी उचलली आणि त्यांच्या आणि बहिरूच्या बरोबर घाट उतरू लागला.

खाली होडीवाला दोर सोडायला लागला तेव्हा तो बोलला.

"साहेब, डास घरातच बसतोय. भिंतीवर पावडरच न्हाई."

"म्हणजे?"

"बाया सारवतात. फवारलं की चार दिसांत. मीच सांगतो त्यास्नी सारवा म्हणून. तवा दारं उघडतात."

बहिरूने पायातलं पायताण काढून हातात घेतलं, आणि साहेब समोर आहेत हे आठवून पुन्हा घातलं. "तुझ्या नावाचा डंका पिटला रे मी, लेका," तो म्हणाला. "साऱ्या हद्दीत. आन् तू पावडर शेणाखाली पुरत हुतास."

डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्या घरी कितव्या दिवशी सारवलं?"

"तिसऱ्या."

ते म्हणाले, "तुला कळतंय का, तू घरं उघडली नसतीस तर मी इथे अजून माणसं लावली असती. तुझ्या शंभर टक्क्यांमुळे मी इथे औषधच निरुपयोगी ठरवलं."

"आता कळतंय."

"हे मी लिहिलं की तुझं काम जाईल."

"जाऊ द्या. पाळी थांबवू नका. माझी पोर हाय."

"नांदिवलीतही पोरं आहेत. तिथल्या बाया सारवणार नाहीत, असं तिथल्या पाटलाने लिहून दिलंय. मग मी तुला कशाला द्यावं?"

डॉक्टरांनी होडीत बसून एक अट घातली. पितृपंधरवड्याच्या अखेरीस, अमावास्येच्या चार दिवस आधी, टोळी एकदाच येईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन भिंती पाहतील. एकोणिसांपैकी पंधरा घरांत पावडर उघडी दिसली, तर कातळवाडी यादीत राहील, पुढची तीन वर्षं. चौदा दिसली तर नांदिवली.

"पण साहेब, मधे घट बसतात," कान्हू म्हणाला.

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच तेव्हा पाहायचं. घटांत टिकलं तर एरवीही टिकेल."

कातळवाडीत बाईच्या हातचं सारवण ही घराची अब्रू होती. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवलं नाही तर त्याचा अर्थ एकच, घरात कुणी गेलंय आणि सुतक आहे. सुतकाच्या घरात घट बसत नाही. कान्हूला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी तो पुन्हा दारोदार गेला. या खेपेला हातात पंप नव्हता, आणि टोळीतलं नावही गेलं होतं. तुळजाबाई सुपात नाचणी पाखडत होती.

"काकू, यंदा आधी सारवा. फवारल्यावर भितीला हात लावू नका."

"गेल्या साली म्हणालास, सारवलं तरी मुरतंय."

"चुकलं माझं."

"मंजी तवा खोटं बोलत हुतास का आत्ता?"

"तवा."

"आन् हे मला कसं कळावं?" तिने सूप झटकलं. "देवी दारात येनार आन् भितीवर हे पांढरं. मढं निघाल्यावानी."

"तुमच्या नथूच्या पोटातबी पानथरी हाय, काकू. साहेबांनी मोजली."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आधी तुज्या आईला विचार. तिची भित पांढरी ऱ्हायली तर माजीबी ऱ्हाईल."

साऱ्या वाडीचं उत्तर थोडंफार हेच होतं. म्हणून अखेर सगळं त्याच्या स्वतःच्या घरावर येऊन थांबलं.

त्याची आई धोंडाबाई साठीच्या घरातली. तिच्या घरचा घट वाडीतला सगळ्यांत जुना. कान्हू तीन दिवस तिच्यापुढे तेच तेच बोलत होता आणि ती तेच तेच ऐकत नव्हती. चौथ्या दिवशी सोनीला थंडी भरली. घरातली सगळी पांघरुणं अंगावर टाकली तरी दात वाजत होते. म्हातारी नातीच्या अंगावर स्वतः आडवी पडली, तिची थरथर थांबावी म्हणून. ताप उतरल्यावर उठून म्हणाली, "देवीमागची एक भित सारवीन. बाकीच्या तीन तुज्या सायबाच्या. त्याला म्हणावं, देवीलाबी एक लागती."

एक भिंत सारवली तर घर मोजलं जाईल का, हे कान्हूला माहीत नव्हतं. तो एवढ्यासाठी पौडापर्यंत चालत गेला. बहिरू भेटला. त्याने कान्हूकडे न बघता सांगितलं, "तीन उघड्या असल्या तर साहेब धरतील. आन् माझ्याशी बोलू नगंस."

फवारणी झाली. कान्हूच्या जागी नळी धरायला खालच्या गावचा माणूस आला होता. तो भिंतीपासून फार लांब उभा राहत होता. कान्हू दारात उभा राहून बघत होता आणि त्याचे हात शिवशिवत होते. पण एकोणीसच्या एकोणीस घरांच्या भिंती पांढऱ्या झाल्या. घट बसले. घरोघरी देवीमागची एक भिंत काळीभोर सारवलेली आणि बाकीच्या तीन भिंतींवर ओघळ.

मग तो रोज सकाळी एकेका घरात डोकावू लागला. बाया त्याला बघून हसायच्या. "आला पाव्हना, भिती मोजाया." पहिल्या दोन माळांना एकोणीस होती. तिसऱ्या माळेला चंद्राबाईने सारवलं. तिची माहेरची माणसं येणार होती. चौथीला अजून एक. सहाव्या माळेला एका घरात सून माहेराहून बाळंत होऊन आली, तिच्या खोलीला पांढरं नको म्हणून तिच्या सासूने सारवलं. कान्हू त्या सासूच्या पाया पडला. ती म्हणाली, "अरं, आता सारवलं की. आता पाया पडून काय?" सातव्या माळेला चौथं घर गेलं.

पंधरा उरली. बरोब्बर पंधरा, आणि त्यांत एक त्याचं.

आठव्या माळेला सकाळी सोनीचा ताप चढला तो उतरेना. डॉक्टरांची पुडी संपली होती. ती आईला ओळखेनाशी झाली. छपराकडे बोट दाखवून काहीबाही बोलू लागली. कान्हू गोळ्या आणायला निघाला. उंबऱ्यात थांबून सगुणाला म्हणाला, "आईकडं बघ."

"आत्याबाईंकडं बघू का पोरीकडं बघू?" सगुणा म्हणाली. तिचं बरोबर होतं.

होडी, सडक, दवाखान्यापुढची रांग. जाऊन यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. घाट चढून वाडीच्या तोंडाशी आला तेव्हाच त्याला ओल्या शेणाचा वास आला. आपल्या घराचा नसेल, असं म्हणत तो पुढे गेला.

घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवलं होतं. म्हातारीचे हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले, आणि ती घटापुढे बसली होती. सोनी जागी होती. ताप उतरून ती घामाने भिजली होती.

"अवं, मी आडवी गेले," सगुणा म्हणाली. "पोर निपचित पडली तवा त्या उठल्या. म्हनल्या, देवीला ह्ये घर सुतकाचं दिसतंय, म्हनून ती सुतक करनार. मी हात धरला. मग मलाबी वाटलं, खरं असलं तर? आन् सोडला."

धोंडाबाई म्हणाली, "कान्ह्या, उतरला बघ ताप. सारवलं आन् उतरला."

पाळीचा ताप उतरायच्या वेळेला उतरतो, आणि पुन्हा चढायच्या वेळेला चढतो, हे कान्हूला टोळीत शिकवलं होतं. त्याने ते आईला सांगितलं नाही. त्याने सोनीला गोळी दिली, कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि भिंत खरवडायला लागला. ओलं सारवण पापुद्र्यांनी निघत होतं. त्याच्या आतल्या बाजूला पांढरं चिकटून येत होतं. खरवडलेल्या जागी नुसती लाल माती आणि कारवीच्या काड्या उरत होत्या. एक हात जागा झाल्यावर त्याने एक पापुद्रा उलटा करून बघितला आणि खुरपं खाली ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. बरोबर बहिरू होता. त्यांनी कान्हूला हाक मारली नाही. घरोघर जाऊन स्वतः पाहिलं, भिंतीवर बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. कान्हूचं घर शेवटी ठेवलं होतं की शेवटी आलं, कोण जाणे. ते आत आले. एक हात खरवडलेली भिंत, बाकी सारं सारवण. त्यांनी घटाकडे पाहिलं, निजलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि वही मिटून बोटात धरली.

"चौदा झाली आहेत," ते हळू म्हणाले. "हे पंधरावं. कान्हू, हे मोजू का?"

बहिरू दाराबाहेर तोंड करून उभा राहिला. सगुणाने पदर तोंडात धरला. एवढं एक 'व्हय' म्हटलं असतं तर तीन वर्षं पंप वर आला असता.

कान्हू म्हणाला, "नगा मोजू साहेब. एकदा खोटं मोजलं तर औषध वाईट ठरलं. आता मोजलं तर पुढल्या तपासनीत कुनाला वाईट ठरवाल? हितं भिती उघड्या ऱ्हात न्हाईत. माज्याच घरात ऱ्हायली न्हाई."

डॉक्टरांनी वही उघडून आकडा लिहिला. लिहिताना त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही.

"साहेब," कान्हू म्हणाला, "नांदिवलीत कवा फवारनार?"

"सोमवारी."

"तितं कुनाच्या पडवीत जागा मिळंल?"

बहिरू आत वळला. "माझ्या मेव्हण्याचा गोठा हाय तितं," तो म्हणाला. "भितीच्या कडंला जागा हाय. भाताची कापणी सुरू हुईल, दोघांना मजुरीबी मिळंल. लेका, गोठाबी फवारून घीन मी."

धोंडाबाई यायला तयार झाली नाही. देवीचा दिवा सोडून ती कुठे जाणार? कान्हूने तिच्याशी वाद घातला नाही. सगुणाने दोन भांडी आणि पांघरुणं बांधली, कान्हूने सोनीला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतली, आणि ते डॉक्टरांच्या मागोमाग निघाले.

वाडीच्या तोंडाशी बाया जमल्या होत्या. आकडा त्यांच्या कानावर आधीच गेला होता. तुळजाबाई नथूला कडेवर घेऊन पुढे आली. तिची भिंत अखेरपर्यंत पांढरी होती. दसऱ्यालासुद्धा तिने हात लावला नव्हता.

"तुजी पोर तू खाली न्हेतोस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ही पोरं कुटं न्यायची आमी?"

कान्हू थांबला. डॉक्टरही थांबले. एकतिसांतली तीस पोरं मागे राहत होती, आणि त्यांच्यापैकी एकवीस जणांच्या बरगडीखाली त्यांनी स्वतः बोटं घातली होती.

"काकू, गोळ्या पाठवतो," कान्हू म्हणाला.

"किती?"

खांद्यावरच्या सोनीचं अंग पुन्हा गरम लागत होतं. त्याने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घाट उतरू लागला.